परदेशी शिकारी गाईडला टेक्सासात रानडुकराच्या शिकारीला कसं न्यावं

टेक्सासात रानडुकराच्या शिकारीला परवाना लागत नाही, असं तुम्हाला दहा जण छातीठोकपणे सांगतील. राज्याच्या कायद्यापुरतं ते खरंही आहे. 1 सप्टेंबर 2019 पासून खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी असली की काम भागतं. हंगामाचं बंधन नाही, किती मारायची याला मर्यादा नाही, रात्रीही चालतं. पण पाहुणा व्हिसावर आलेला असेल तर याच सल्ल्यापायी तो आणि तुम्ही दोघंही गोत्यात याल. ते कसं, ते बंदुकीपाशी आल्यावर सविस्तर सांगतो.

केव्हा बोलवावं

जानेवारी-फेब्रुवारी. शिकारी संघटनांची मोठी प्रदर्शनं याच दिवसांत असतात आणि दक्षिण आफ्रिका, नामिबियातले व्यावसायिक शिकारी (त्यांच्यात ‘पीएच’ म्हणतात) गिऱ्हाइकं शोधायला अमेरिकेत आलेलेच असतात. हरणांचा मुख्य हंगाम सरत आलेला असतो, त्यामुळे रँचवाले डुकरांसाठी आनंदाने फाटक उघडतात. थंडीमुळे मांस टिकतं. उन्हाळ्यात बोलवाल तर डास आणि घाम यांतच पाहुणचार संपेल.

जमीनमालकाची परवानगी लेखी घ्या, रात्री जाणार असाल तर भागातल्या गेम वॉर्डनला (राज्याच्या शिकार-नियम अधिकाऱ्याला) आधी फोन करून ठेवा. जमिनीपुरतं यापलीकडे काही नाही.

पाहुण्याच्या बॅगेतलं काय बाद करावं

बिल्टाँग. वाळवलेलं मांस कितीही प्रेमाने आणलेलं असलं तरी विमानतळावर जप्त होणार, आणि लपवून आणलं तर दंडही होणार. ‘आणू नका’ असं निघण्याआधीच स्पष्ट कळवा.

बुटांकडे लोक लक्षच देत नाहीत. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा रोग आफ्रिकेत वॉर्टहॉगमध्ये (तिथल्या सुळेवाल्या रानडुकरात) मुरलेला आहे. माणसाला तो होत नाही, डुकरांचे मात्र कळपच्या कळप संपवतो, आणि अमेरिकेत तो अजून शिरलेला नाही. वॉर्टहॉगच्या मुलखात फिरलेले बूट घालून हा माणूस सरळ तुमच्या डुकरांच्या चिखलात उतरणार आहे. तेव्हा बूट घरूनच घासून, निर्जंतुक करून आणायला सांगा, आणि शेतावर-जंगलात होतो हे कस्टम्सला खरं सांगायला सांगा. मी तर मापाचे गमबूट इथेच घेऊन ठेवतो.

बंदूक आणि परवाना

आता मुख्य अडचण. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मनाई आहे. त्यातून सुटायच्या मोजक्या वाटांपैकी आपल्या कामाची वाट म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्यातरी राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. म्हणजे डुकरासाठी टेक्सास परवाना मागत नाही, पण पाहुण्याच्या हातात रायफल यायची तर केंद्राच्या कायद्यापायी तो खिशात हवा. ‘मी फक्त दोन मिनिटं धरायला दिली’ ही सबब चालत नाही. मनाई असलेल्या माणसाला जाणूनबुजून बंदूक देणाराही गुन्हेगार ठरतो.

हे वाचून ज्यांना ‘आपल्याला काय त्याचं’ असं वाटलं असेल त्यांनी स्वतःचा व्हिसा आठवावा. ह्यूस्टन, ऑस्टिन, डॅलसमधल्या आपल्या मंडळींपैकी जे एच-1बी, एल-1 किंवा विद्यार्थी व्हिसावर आहेत, त्यांनाही हाच नियम लागू आहे. मित्राच्या रँचवर हौसेने नेम धरणाऱ्या कितीतरी जणांना हे माहीतच नसतं. ग्रीन कार्ड असेल तर ही अट नाही. युरोपातून व्हिसाशिवाय, ईएस्टावर (ऑनलाइन प्रवास-मंजुरीवर) आलेल्या पाहुण्यालाही ही मनाई लागू होत नाही, तरी त्याचाही परवाना मी काढतोच. रात्री अडीचला रस्त्यात अडवणाऱ्या पोलिसाला कायद्याचं कलम समजावून सांगण्यापेक्षा कागद दाखवणं सोपं.

या टप्प्यावर मला सगळ्यात जास्त पिडलं ते दुकानाच्या काउंटरने. काउंटरवरचा पोऱ्या हसून म्हणणार, ‘डुकरांना लायसन्स लागत नाही, सर, पैसे वाचवा.’ मागे रांग खोळंबलेली, आपला पाहुणा संकोचून ‘राहू द्या हो’ म्हणतोय. हटायचं नाही. वाद न घालता एवढंच म्हणायचं, ‘पाच दिवसांचं नॉनरेसिडेंट स्पेशल द्या.’ म्हणजे राज्याबाहेरच्या माणसासाठीचा अल्पमुदतीचा शिकार-परवाना. साधारण 48 डॉलर पडतात. पासपोर्ट बरोबर ठेवा.

तारखा घालताना तर डोकं शांत हवं. हे पाच दिवस सलग असतात, आणि बहुतेक जण ते शिकारीच्या रात्रीपासून मोजतात. बंदूक मात्र पाहुण्याच्या हातात आदल्या दिवशीच येते, रेंजवर (नेमबाजीच्या मैदानावर) नेम तपासताना. परवाना उद्यापासूनचा आणि बंदूक आज हातात, मग परवाना असून नसल्यासारखाच. पहिला दिवस रेंजचा धरा. मुक्काम लांबणार असेल, शेवटच्या दिवशी पुन्हा बार टाकायचा मोह होणार असेल, तर पूर्ण मुदतीचा नॉनरेसिडेंट परवाना घ्या. महाग आहे, पण शिकारीतला निम्मा वेळ घड्याळाकडे बघण्यात जात नाही.

शिवाय 2 सप्टेंबर 1971 किंवा त्यानंतर जन्मलेल्या परवानाधारकाला शिकार-शिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. वीस वर्षं सिंहामागे हिंडलेल्या माणसाला प्राथमिक धडे गिरवायला लावणं हास्यास्पद वाटेल, पण नियम नियम आहे. यावर सोय म्हणजे 10 डॉलर भरून एकदाच मिळणारी तात्पुरती सूट, ‘डिफरल’. तिची अट अशी की पाहुण्यासोबत शिक्षण झालेला, परवाना असलेला कुणीतरी हवा. तो तुम्ही. म्हणून आधी स्वतःचा परवाना चालू आहे का बघा.

आणि कृपा करून त्याला स्वतःची रायफल आणायला सांगू नका. तात्पुरत्या आयातीसाठी एटीएफकडे (बंदुकांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय खात्याकडे) वेगळा अर्ज करावा लागतो, त्यालाही शिकारीचा परवाना जोडावा लागतो, उत्तराला काही आठवडे लागतात, शिवाय त्याच्या देशाची तात्पुरत्या निर्यातीची परवानगी वेगळी. एवढं करून येणार काय, तर .375 बोअरची जड रायफल. तिने म्हैस पडते. डुकराचं मांस खायचं असेल तर नको. शिकारीपुरती तात्पुरती बंदूक उसनी द्यायला कायद्याची हरकत नाही. तुमचीच .308 बोअरची रायफल द्या, रेंजवर डझनभर गोळ्या झाडू द्या, हात बसेल.

रानात पुढे कोण?

तुम्ही. गाईड लोकांना हे जड जातं. जन्मभर पुढे चालून गिऱ्हाइकाला मागे ठेवायची सवय. माग काढण्यात तो तुमच्या दसपट हुशार असेल, तर दिवसा त्याला मोकळं सोडा. उकरलेली माती, चिखलाचे लोळणे, कुंपणाच्या तारेत अडकलेले राठ केस, झाडाला अंग घासून गुडघ्याएवढ्या उंचीवर उरलेला वाळका गाळ, हे सगळं तो तुम्हाला वाचून दाखवेल. अंधार पडला की मात्र शेजाऱ्याची गाय कुठे बसते, पलीकडे घर कुठे आहे, गोळी सुटली तर कुठल्या बांधात रुतेल, हे तुम्हाला ठाऊक असतं. बार टाकायचा हुकूम तुमचाच. दुपारी उजेडातच हे ठरवून टाका, म्हणजे रात्री कुजबुजत भांडावं लागणार नाही.

दक्षिण आणि पश्चिम टेक्सासात असाल तर जॅव्हलिना त्याला आधी फोटोत दाखवा. दिसतं डुकरासारखं, पण तो वेगळ्या कुळातला संरक्षित शिकारप्राणी आहे. त्याला हंगाम आणि मर्यादा आहे, रात्री मारता येत नाही. गळ्यातला पांढुरका पट्टा थर्मल (अंगाच्या उष्णतेवरून अंधारात दाखवणाऱ्या) दुर्बिणीत दिसत नाही. आखूड, गोलमटोल आणि शेपूट जवळजवळ नाही असा आकार दिसला की बोट घोड्यावरून काढायचं.

नेमाबाबत पीएचला शिकवायची गरज नसते. डुकराचं काळीज खाली, पुढच्या पायांच्या मधे असतं, आणि मोठ्या नराच्या खांद्यावर कूर्चेचं चिलखत असतं. वॉर्टहॉग, बुशपिग (आफ्रिकेतलंच दुसरं रानडुक्कर) मारलेल्या माणसाला हे पाठ असतं. हरणांवर वाढलेल्या आपल्या टेक्सन मित्रांनाच ते परत परत सांगावं लागतं.

एक पैशांची गोष्ट. पाहुण्याचा अनुभव बघून मित्र म्हणतील, ‘आम्हीही येतो, त्याला गाईड करू दे, माणशी इतके देतो.’ नाही म्हणा. पर्यटन किंवा व्यावसायिक भेटीच्या व्हिसावर इथे मजुरी कमावता येत नाही. तो पाहुणा आहे, पाहुणाच राहू द्या.

साफ करणं, खाणं

रबरी हातमोजे, दोन जोड. ब्रुसेलोसिस हा डुकरांपासून माणसाला होणारा ताप जखमेतून शिरतो. कुत्र्याला कच्चं मांस किंवा आतडी घालू नका, स्यूडोरेबीज या डुकरांच्या रोगाने कुत्रं जातं. मांस लगेच बर्फाच्या पेटीत, पाणी निथळायला तिचं तळाचं बूच उघडं ठेवून. शिजवताना आतपर्यंत 71 अंश सेल्सिअस. खायला मध्यम डुकरीण निवडा. म्हाताऱ्या नराचा वास कांदा-लसूण मसाल्यालाही दाद देत नाही.

गावाकडून फोन येतात, ‘त्याला इकडे घेऊन ये, उसात डुकरांनी धुमाकूळ घातलाय.’ भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हौशी शिकार बंद आहे. पिकांच्या नुकसानीसाठी वनखातं जी परवानगी देतं ती पाहुण्यांच्या मौजेसाठी नसते. विषय तिथेच संपवा.

परतताना

मांस इथेच वाटून टाका. सुळे हवे असतील तर उकळून, मांसाचा कणही न ठेवता स्वच्छ करा, आणि त्याच्या देशाचा पशुवैद्यकीय आयात परवाना त्यालाच आधी मागायला लावा. तुमची थर्मल दुर्बीण त्याला हमखास आवडेल आणि तो विकत मागेल. ती निर्यात परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, भेट म्हणूनही नाही. त्याऐवजी एक चांगली कातडं काढायची सुरी द्या, आणि ती चेक-इन बॅगेत टाकायची आठवण करा.