कानबाईच्या गाण्याला साथ बसवताना

श्रावणात कानबाईच्या, म्हणजे खान्देशातल्या देवीच्या, अहिराणी गाण्यांसाठी बँड-इन-अ-बॉक्समध्ये ट्रॅक केला. हे सॉफ्टवेअर 1990 पासूनचं. चौकटींत कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) टाइप करायचे, स्टाइल निवडायची; बास, ड्रम, पियानो ते स्वतःच वाजवतं. आमची चाल मात्र दादऱ्याची, सहा मात्रांची, आणि उघडलेली स्टाइल चार ठोक्यांची. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, दर वेळी निसटायची. मग तीन ठोक्यांची वॉल्ट्झ स्टाइल घेतली, दोन बार (तीन-तीन ठोक्यांचे गट) मिळून तालाचं एक आवर्तन धरलं, तेव्हा कुठे बसलं. काकू काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीत गातात, म्हणून सॉफ्टवेअरमधली की (पट्टी) बदलून ई फ्लॅट केली. कॉर्ड आपोआप सरकले. कॉर्डही दोनच ठेवले. जास्त टाकले की चाल सिनेमातली वाटते, मला तरी. ड्रम म्यूट केले, ढोलकी धुळ्याचा भाचा समोर बसून वाजवतो.