विद्यापीठाच्या नेटला आपला कम्प्युटर जोडताना

जुलैचा पाऊस सुरू झाला की कॅम्पसवरच्या कम्प्युटर सेंटरच्या खिडकीशी रांग लागते. कुणी लातूरहून आलेलं, कुणी नंदुरबारहून. लॅपटॉप प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, आणि तक्रार सगळ्यांची एकच: "सर, नेट नाहीये." पुण्यात एम.एस्सी. करताना हॉस्टेलच्या नेटवर्कचं काम वर्षभर माझ्याकडे होतं, तेव्हा हे वाक्य दिवसातून वीसेक वेळा कानावर पडायचं. त्यावरून काहीच कळत नाही. केबलमध्येच काही येत नाही, की आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, मिळत नाही, की लॉगिन होत नाही, की लॉगिन होऊनही एखादीच साइट अडते? ही चार वेगळी दुखणी आहेत. जोडणी करतानाही याच क्रमानं जायचं, आणि मागची पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची चाचपायची नाही.

घरच्या वाय-फायची सवय असली की पहिला गोंधळ होतो. घरी पासवर्ड एकच असतो आणि तो पाहुण्यांनाही सांगितला जातो. कॅम्पसवर मात्र नेटवर्कला यंत्र कोणतं आणि त्यापुढे बसलेला माणूस कोण, हे दोन्ही वेगवेगळं कळायला हवं असतं. म्हणून काम कागदापासून सुरू होतं.

आधी फॉर्म

संस्थेचा ईमेल आयडी चालू झाला आहे का, ते पाहा. बहुतेक ठिकाणी नेटचं लॉगिन तेच असतं, काही ठिकाणी पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक, चालतो. प्रवेश घेतल्या दिवशीच आयडी तयार होईल असं धरू नका, फीची नोंद सिस्टीमला चढल्यावर तो होतो. फीची पावती, आयकार्ड, दोन्हीच्या झेरॉक्स आणि फॉर्मवर विभागप्रमुखांची किंवा रेक्टरची सही एवढं जमवा. सहीसाठी शुक्रवारी दुपारी जाऊ नये, हा अनुभव.

फॉर्मवर 'मॅक अ‍ॅड्रेस' असा रकाना असेल तर तिथे थांबून नीट लिहा. गाडीला जसा चासी नंबर, तसा हा नेटवर्क कार्डाचा नंबर. विंडोजमध्ये स्टार्ट दाबून इंग्रजीत सीएमडी ही तीन अक्षरं टाइप करा. काळी खिडकी उघडेल. तिथे आयपीकॉन्फिग लिहून एक स्पेस, एक तिरपी रेघ आणि ऑल असं इंग्रजीत (ipconfig /all) टाइप करून एंटर मारा. भराभर ओळी येतील, त्यात 'फिजिकल अ‍ॅड्रेस' शोधा. दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या, एकूण बारा. मॅकबुकवर सिस्टीम सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग वाय-फाय, डीटेल्स आणि हार्डवेअर या वाटेनं तो सापडतो.

तो उतरवताना निम्मे फॉर्म चुकतात. या नंबरात शून्य ते नऊ हे आकडे आणि ए ते एफ एवढीच अक्षरं येतात. म्हणजे 'ओ' कधीच येत नाही. गोल दिसलं की ते शून्यच. बी आणि आठ सुटे-सुटे काढा. आणि आकडे इंग्रजी लिहा! एका मुलानं मोत्यासारख्या अक्षरात मराठी आकडे लिहून दिले होते. खिडकीतल्या बाईंनी त्याचा ४ इंग्रजी आठ म्हणून वाचला आणि १ इंग्रजी नऊ म्हणून. बिचारा आठवडाभर केबल बदलत बसला.

आणखी एक खुबी आहे. वाय-फायचा नंबर वेगळा, केबलच्या पोर्टाचा वेगळा. नव्या सडपातळ लॅपटॉपना केबलचं भोकच नसतं, तिथे यूएसबी डोंगल लावावं लागतं, आणि मग नंबर त्या डोंगलचा असतो. डोंगल मित्राला दिलं तर तुमच्या नावाची नोंदही त्याच्याबरोबर जाते. शिवाय हल्लीच्या सिस्टीम वाय-फायला जोडताना मुद्दाम खोटा, बदलता नंबर सांगू शकतात. बाहेर, कॅफेत वगैरे, ही सोय चांगलीच आहे. पण नोंदणी केलेल्या नेटवर्कवर यंत्र अनोळखी ठरतं. विंडोजच्या वाय-फाय सेटिंगमध्ये 'रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस' आणि अ‍ॅपलच्या यंत्रांवर 'प्रायव्हेट वाय-फाय अ‍ॅड्रेस' हे फक्त कॅम्पसच्या नेटवर्कपुरतं बंद करा, आणि मगच नंबर उतरवा.

केबल

वाय-फाय असताना केबल कशाला, असं विचारणाऱ्यांना मी हॉस्टेलची रात्री दहाची वेळ दाखवायचो. एका अ‍ॅक्सेस पॉइंटवर, म्हणजे वाय-फाय देणाऱ्या एका डब्यावर, अख्खा मजला लटकलेला असतो. खोलीत भिंतीवर पोर्ट असेल तर तोच वापरा. डेस्कटॉप असेल तर प्रश्नच नाही.

केबल आणि डोंगल घ्यायला बुधवार पेठेतली तपकीर गल्ली बरी. गाडी घेऊन जाऊ नका, लावायला जागा मिळत नाही. दुकानात 'कॅट सिक्स पॅच कॉर्ड' मागा, दोन्ही टोकांना कारखान्यातच कनेक्टर बसवलेली. अंतर भिंतीपासून टेबलापर्यंत आधी मोजून जा. तीन मीटर लागणार असेल तर पाच घ्या, पंधरा नको. सुटी केबल कापून घेणार असाल तर आतल्या एका तारेला ब्लेडनं हलकं खरवडून दाखवायला सांगा. आतून पांढरी निघाली तर ती अ‍ॅल्युमिनियम, वरून फक्त तांब्याचा मुलामा. स्वस्त असते, पण दोन-चारदा वाकली की आतल्या आत तुटते. डोंगल गिगाबिटचं घ्या. जुनी शंभर एमबीपीएसची अजून विकायला असतात आणि खोकं अगदी तसंच असतं.

केबल खटकन आवाज येईपर्यंत आत ढकला. पोर्टाजवळचा बारीक दिवा लागला पाहिजे. दिवाच नसेल तर सेटिंग उघडूच नका. केबल बदला, मग भिंतीवरचा पोर्ट बदला. हॉस्टेलमधले कितीतरी पोर्ट भिंतीवर दिसतात पण मागे स्विचला, म्हणजे सगळ्या केबल जिथे एकत्र येतात त्या पेटीला, जोडलेलेच नसतात. तसा पोर्ट असेल तर बाकीच्या खटपटीला अर्थ नाही.

दिवा लागला की पुन्हा त्याच काळ्या खिडकीत जा, या वेळी नुसतं आयपीकॉन्फिग. आयपी १०, १७२ किंवा १९२.१६८ नं सुरू होत असेल तर नेटवर्कनं बहुधा तुम्हाला जागा दिली. १६९.२५४ दिसला तर कुणीच दिली नाही, कम्प्युटरनं स्वतःच एक नंबर घेतला आहे. अशा वेळी मॅक अ‍ॅड्रेसची नोंद झाली आहे का, ते विचारा. आधीच्या कॉलेजात कुणी हातानं आयपी भरून ठेवला असेल तर तो काढून सगळं 'ऑटोमॅटिक' करा. डीएनएसही, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरचा नंबरही. स्पीड वाढतो म्हणून तिथे चार आठ (८.८.८.८, गूगलचा डीएनएस) टाकून ठेवणारे पुष्कळ असतात, आणि त्यांचंच लॉगिन पान उघडत नाही, कारण त्या पानाचं नाव फक्त कॅम्पसच्या आतल्या डीएनएसला माहीत असतं.

लॉगिन

आयपी मिळाला, तरी नेट अजून चालणार नाही. ब्राउझरमध्ये लॉगिनचं पान यायला हवं. ते आपोआप आलं नाही तर व्हीपीएन (नेट दुसऱ्याच सर्व्हरमार्गे वळवणारं अ‍ॅप) बंद करा आणि एखादी साधी, शेवटी 'एस' नसलेली एचटीटीपी साइट उघडा. नेव्हरएसएसएल डॉट कॉम (neverssl.com) ही याच कामासाठी आहे. गूगल किंवा बँकेची साइट उघडून उपयोग नाही; त्या एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित जोडणीवर, चालतात, मध्येच दुसरीकडे वळवलेलं ब्राउझरला खपत नाही आणि तो लाल इशारा देऊन थांबतो. नोटीस बोर्डावर पोर्टलचा पत्ता असेल तर सरळ तोच टाका, शेवटी :८०९० असं काही असेल तर तेही इंग्रजी आकड्यांत, जसंच्या तसं.

जुना डेस्कटॉप असेल तर उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहा. मदरबोर्डावरचा गोल सेल, सीआर२०३२, संपला की लाइट गेल्यावर घड्याळ मागे जातं. कम्प्युटरला वाटतं साल २००९ आहे, मग कुठल्याच साइटचं सर्टिफिकेट, म्हणजे ओळखीचा दाखला, त्याला खरं वाटत नाही. तारीख दुरुस्त करा आणि सेल बदला.

काही पोर्टलचं पान बंद केलं की नेटही जातं, ते मागे उघडं ठेवावं लागतं. एका आयडीवर दोन-तीनच यंत्रं चालत असतील तर लॅबमधून निघताना लॉगआउट करा, नाहीतर खोलीवर तुमचाच आयडी तुम्हाला आत घेणार नाही.

वाय-फाय

कॅम्पसचं वाय-फाय बहुधा नुसता पासवर्ड न मागता यूजरनेम आणि पासवर्ड दोन्ही मागतं. 'इड्युरोम' (eduroam) नावाचं नेटवर्क दिसत असेल तर तेच घ्या. भारतात ते अर्नेट ही शिक्षण-संशोधनाचं नेटवर्क चालवणारी सरकारी संस्था चालवते. देशात सर्वसामान्यांना इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला मिळालं, त्याच्या कितीतरी आधी, १९८६ पासून शिक्षणसंस्थांना जोडायचं काम अर्नेट करत आलं आहे. पुण्यात विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत त्याचं केंद्र होतं. इड्युरोममध्ये सहभागी असलेल्या दुसऱ्या कुठल्याही संस्थेत गेलात तरी तुमच्याच आयडीवर नेट लागतं. फक्त यूजरनेम अख्खं टाका, 'अ‍ॅट'च्या पुढचं संस्थेचं नावही. आपल्या कॅम्पसवर ते न टाकता कधीकधी चालून जातं आणि मग परगावच्या सेमिनारला गेल्यावर अडतं.

पहिल्यांदा जोडताना सर्टिफिकेटबद्दल विचारणा होते. तिथे डोळे मिटून 'कनेक्ट' दाबू नका. सर्व्हरचं नाव कम्प्युटर सेंटरनं दिलेल्या नावाशी ताडून पाहा. त्याच नावाचं खोटं वाय-फाय कुणीही उभं करू शकतं. संस्थेनं तयार प्रोफाइल दिली असेल तर तीच इन्स्टॉल करा, ही सगळी उठाठेव वाचते.

रेंजबद्दल एवढंच, की पुण्यातल्या जुन्या कॉलेजांच्या काळ्या दगडी भिंती वाय-फायला दाद देत नाहीत. पाच गिगाहर्ट्‌झचं नेटवर्क वेगवान, पण भिंतीत लवकर मरतं; २.४ चं हळू, पण पलीकडे पोचतं. नाहीतर खुर्ची दाराजवळ ओढा.

राउटर लावताय?

गोष्ट माझीच आहे. पहिल्या वर्षी खोलीत दोघं आणि पोर्ट एक. मी जुना राउटर आणला आणि भिंतीची केबल त्याच्या वेगळ्या रंगाच्या, 'वॅन' लिहिलेल्या भोकात लावण्याऐवजी शेजारच्या चार पिवळ्यांपैकी एकात लावली. आमचं नेट काही चाललं नाही, म्हणून तो तसाच ठेवून जेवायला गेलो. परत आलो तर सगळा मजला व्हरांड्यात. माझा राउटर आता सगळ्या मजल्याला आयपी वाटत होता, आणि ते सगळे निरुपयोगी. मीही बाकीच्यांबरोबर उभा राहून "काय कटकट आहे" म्हणत होतो. नेटवर्कचे काका भिजलेल्या रेनकोटातच आले, जिन्यातली पेटी उघडली आणि टॉर्च तोंडात धरून एकेक केबल काढत गेले. सत्तावीस नंबरची काढली आणि सगळीकडून "आलं, आलं!" सत्तावीस म्हणजे आमची खोली. काका काही बोलले नाहीत, नुसतं बघितलं. पुढच्या वर्षी हे काम मी आपणहून मागून घेतलं, त्यामागे ती नजर होती.

तेव्हा राउटर असो वा छोटा स्विच, आधी लेखी विचारा. काही ठिकाणी एका पोर्टावर दुसरं यंत्र दिसताच तो पोर्ट आपोआप बंद होतो आणि चालू करायला परत फॉर्म भरावा लागतो.

जोडणी झाली की विंडोज 'पब्लिक' की 'प्रायव्हेट' विचारेल. पब्लिक निवडा. प्रायव्हेट केलंत आणि फोल्डर शेअर केलेला असला तर तो अख्ख्या मजल्याला दिसू शकतो. विंडोज १० चा नियमित सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला आहे, तेव्हा जुन्या यंत्राचं काय करायचं तेही याच वेळी ठरवा. आणि आयडी कुणाला वापरायला देऊ नका. संस्थांनी सिस्टीमचे लॉग, म्हणजे वापराच्या नोंदी, १८० दिवस जपून ठेवाव्यात असं सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत आहे. मित्रानं काय डाउनलोड केलं याचा जाब तुमच्या नावावर येतो.

सगळं जमलं का, हे यूट्यूब लावून बघू नका. ग्रंथालय घेत असलेल्या एखाद्या जर्नलचा पैसे लागणारा लेख उघडा. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'खाली सरकारी संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स खुली झाली आहेत, आणि आवारात प्रकाशक तुम्हाला बहुधा संस्थेच्या आयपीवरूनच ओळखतो. पीडीएफ उतरली तर काम झालं. पैसे मागितले तर तुम्ही नकळत मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आहात किंवा व्हीपीएन चालूच राहिला आहे.

इतकं करूनही अडलं तर मेल लिहा, आणि त्यात "नेट नाहीये" लिहू नका. असं लिहा: "खोली २७, खिडकीखालचा पोर्ट. केबल बदलून पाहिली, दिवा लागत नाही. त्याच केबलनं माझा लॅपटॉप शेजारच्या खोलीतल्या पोर्टवर चालतो." असा मेल मिळाला की काका केबलला कनेक्टर बसवायचं क्रिम्पिंग टूल बरोबर घेऊनच येतात. नाहीतर ते आधी काय झालंय ते विचारायला येतात आणि मग टूल आणायला परत जातात, तेवढ्यात पाच वाजतात.