घटपर्णीला नाव देताय? मग या चुका टाळा

गेल्या आठवड्यात परत एक फोटो आला. घटपर्णीचा एकच पिचर, म्हणजे तिचा घडा, मागचं सगळं धूसर, आणि खाली मेसेज: "मॅडम, ही नवीन स्पीशीज आहे ना?" पान नाही, खोड नाही, फुलोरा तर नाहीच, झाड केवढं होतं, कुठल्या जमिनीत होतं, काही म्हणजे काही नाही. बाकीचं झाड कुठाय विचारलं तर म्हणे तेवढंच छान दिसत होतं म्हणून तेवढंच काढलं. आता याला काय बोलणार.

म्हणून एकदाच लिहून टाकते, पुढच्या वेळी नुसतं हेच पाठवून देईन.

ज्यांना अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नेपेंथिस म्हणजे घटपर्णी, घड्यात किडे पकडणारी वेल. वनस्पतीशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये श्रीलंकेच्या एका जातीला डिस्टिलॅटोरिया नाव दिलं तिथून सुरुवात, आज जाती दीडशेच्या वर आहेत, मादागास्करपासून न्यू कॅलेडोनियापर्यंत पसरलेल्या, पण खरी गर्दी बोर्निओ, सुमात्रा आणि फिलिपिन्समध्ये. भारतात आपली एकच, मेघालयातली खासियाना. जाती इतक्या, त्यात वाढ अजून चालूच, म्हणून प्रत्येकाला वाटतं एक आपल्याही नावावर लागावी. वाटू दे, पण जरा दमानं.

एका पिचरवरून अख्खं झाड ठरवणं

सगळ्यात जुनी आणि सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक ही. लोक पिचरला फूल समजल्यासारखं वागतात. फुलावरून झाड ओळखतात ना, मग यावरूनही ओळखू. अहो ते पान आहे! पानाची मधली शीर पुढे वाढून टेंड्रिल होते आणि तिच्या टोकाला हा घडा तयार होतो. आणि पान जसं सावलीत वेगळं, उन्हात वेगळं, कोवळं वेगळं, जून वेगळं, तसंच हेही, उलट जास्तच.

आता माझी फजिती सांगते. मी तेव्हा नवीन होते, बोर्निओतली पहिलीच फील्ड, डोक्यात फक्त एकच की काहीतरी सापडलं पाहिजे. एका पांढऱ्या वाळूच्या झुडपी रानात जमिनीलगत एक गुबगुबीत पिचर दिसला, लाल डागांचा, पुढच्या बाजूला दोन झालरीसारखे पंख, टेंड्रिल समोरून चिकटलेली. घेतला. चार पावलांवर झुडपात डोक्याच्या उंचीवर दुसरा, फिकट, नरसाळ्यासारखा उभट, पंख जवळजवळ नाहीतच, टेंड्रिल मागून आलेली आणि मध्ये एक वेढा घेऊन फांदीला धरलेली. तोही घेतला. तंबूत बसून दोन रात्री मोजमापं केली, दोघांमधले १४ फरक काढले, वहीत ऐटीत 'प्रजाती अ' आणि 'प्रजाती ब' असं लिहिलं आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांना दाखवलं. आमच्या वाटाड्याने वही बघितली, काही बोलला नाही, मला परत त्या जागी घेऊन गेला, खालच्या झुपक्यातून निघालेलं खोड हातात धरलं आणि धरूनच चालायला लागला. पाचोळ्याखालून, एका पडलेल्या ओंडक्यावरून, झुडपात, वर. जिथे मी 'ब' कापला होता त्या कापलेल्या टोकापाशी हात थांबला. एकच वेल. राफ्लेसियाना, जी कुठल्याही फील्ड गाइडमध्ये असते.

१४ फरक सगळे खरे होते हो, मोजमापात एक चूक नव्हती, पण ते खालच्या आणि वरच्या पिचरमधले फरक होते आणि हा प्रकार बहुतेक सगळ्या जातींत कमीजास्त असतो. लोवाय ही जात बघितली तर वरचा पिचर मध्ये कमरेशी आवळलेला, त्याला धड कडाही नाही, आणि खालचा त्याच्याशी काही नातं सांगत नाही.

तेव्हापासून माझी सवय अशी की वेल बुडापासून शेंड्यापर्यंत हाताने चाचपल्याशिवाय कात्री बाहेरच काढायची नाही. मग खालचा पिचर, मधल्या उंचीवरचा, वरचा, प्रत्येक पानासकट, आणि फुलोरा किंवा फळं. एका वेलाला एकच नंबर, त्यातले तुकडे अ, आ, इ. फुलं नसतील तर? तर परत यायचं. हे ऐकून नवीन पोरांचे चेहरे पडतात, पण फुलं एकेका देठावर एक आहेत की दोन, तिथे छोटं सहपत्र, म्हणजे फुलाखालचं इवलंसं पान, आहे की नाही, यावर जाती वेगळ्या होतात आणि हे पिचर बघून कळत नाही.

याच्याच पोटातली एक चूक: नर फुलं एका झाडावर, मादी दुसऱ्या झाडावर, हे घटपर्णीचं कायमचं. मग लोक शीट, म्हणजे वाळवलेला नमुना चिकटवलेला कागद, 'पूर्ण' दिसावी म्हणून दोन्ही एकाच कागदावर एकाच नंबरखाली चिकटवतात. पुढे ती शीट टाइप झाली, म्हणजे जातीचं नाव कायमचं तिच्याशी बांधलं गेलं, की कुठल्या झाडाचं नाव आहे हे सांगता येत नाही. दोन झाडं, दोन नंबर. बास.

हायब्रीडला (संकराला) नवीन जात म्हणणं

याने माझं रक्त सगळ्यात जास्त आटवलंय.

घटपर्णी एकमेकींशी सर्रास संकर करतात, क्रोमोसोमची संख्या ८० अशी सारखीच आढळते, संकराची बीही बऱ्याचदा रुजते आणि ते झाड परत आईबापांपैकी कुणाशी तरी संकर करतं. मग मधलीअधली रूपं तयार होतात आणि उत्साही माणसाला प्रत्येक रूपात नवी जात दिसते.

एकदा एक मॅन्युस्क्रिप्ट रिव्ह्यूला आलं. नाव आधीच ठरलेलं, कुणाच्या तरी आदरार्थ, नावाचा अर्थ सांगणारा परिच्छेद वर्णनापेक्षा मोठा. अख्ख्या जातीचा पुरावा काय तर रस्त्यासाठी नुकत्याच कापलेल्या दरडीवरचं एक झाड. एक! वर्णन वाचायला घेतलं तर पिचर लहान, तळाशी फुगलेला, झाकण लहान आणि धड सरळ नाही धड मागे वळलेलं नाही, खोडावर थोडी लव. मी लेखातले फोटो मोठे करून बघत बसले. एका फोटोत झाडाच्या मागे जमिनीवर सतरंजी पसरावी तसे बुटके गोल पिचर, झाकणं पूर्ण मागे टाकलेली, म्हणजे ॲम्प्युलारिया. दुसऱ्या फोटोच्या कोपऱ्यात बारीक खोडाची ग्रॅसिलिस लोंबतेय. आईबाप दोघंही फोटोत हजर आणि लेखात त्यांचा उल्लेख नाही! या जोडीचा संकर इतका नेहमीचा की मिकेल नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने १८५८ मध्येच त्याला ट्रायकोकार्पा नाव देऊन ठेवलंय. म्हणजे नवी जातही नाही आणि नवं नावही नाही. मी तसं कळवलं तर उत्तर आलं की डीएनए केलाय, त्यात दोन जातींची सरमिसळ दिसत नाही. कुठला डीएनए, तर फक्त क्लोरोप्लास्टचा, म्हणजे पानातल्या हरितकणांचा. तो बहुतेक करून आईकडूनच येतो, त्यात बाप दिसणार कसा?

म्हणून मी जागेवरच तीन गोष्टी लिहिते. आसपास चालत जाण्याच्या अंतरात आणखी कुठल्या घटपर्णी आहेत, त्या सगळ्या. माझ्या 'वेगळ्या' झाडासारखी किती झाडं आहेत, आकडा. आणि त्याच रूपाची लहान रोपं दिसतात का. चार झाडं, दोन्ही बाजूंना दोन ओळखीच्या जाती आणि सगळे गुण मधले, तर मुकाट्याने हायब्रीड लिहायचं. शेकडो झाडं असतील, लहानमोठी, नर-मादी दोन्ही, आणि संशयित आईबापांपैकी कुणी जवळपास नसेल तर मात्र गोष्ट बदलते. बोर्निओतली हुरेलियाना अशीच, तिचा उगम फुस्का आणि व्हेइचीच्या संकरातून झाला असावा असा अंदाज आहे पण आता तिची स्वतःची टिकून राहिलेली वस्ती आहे म्हणून ती जात. म्हणजे एक पक्का नियम नाही, डोकं वापरावं लागतं, आणि शॉर्टकटवाल्यांना नेमकं तेच नको असतं.

जुनी नावं न बघता नवीन नाव ठोकणं

यात भलेभले अडकतात, त्यामुळे नवशिक्यांना फार झोडत नाही. वटवाघळं ज्या पिचरमध्ये झोपायला येतात ती बोर्निओची घटपर्णी आठवा. वटवाघूळ आत विष्ठा टाकतं आणि झाडाला त्यातून नायट्रोजन मिळतो. तिला बरीच वर्षं राफ्लेसियानाचीच 'इलाँगाटा' व्हरायटी म्हणत होते, २०११ चा वटवाघळांवरचा अभ्यासही त्याच नावाने आला, मग त्याच वर्षी ती वेगळी जात म्हणून बारामेन्सिस झाली, आणि मग लक्षात आलं की मॅकफार्लेन नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने १९०८ मध्येच तिला हेम्सलेयाना म्हटलंय. आधीचं नाव चालतं. २०१३ पासून परत हेम्सलेयाना. एक झाड, तीन नावं, आणि वटवाघूळ मात्र त्याच पिचरमध्ये झोपलंय.

माझं म्हणणं, टाइप शीट बघितल्याशिवाय 'नवीन' हा शब्द तोंडातून काढू नका. हल्ली बऱ्याच हर्बेरियमनी, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहालयांनी, स्कॅन टाकलेत, घरबसल्या दिसतात. टाइप नष्ट झाला असेल तर मग खरी डोकेदुखी, कारण १९४३ मध्ये बर्लिनचं हर्बेरियम जळलं आणि १९४५ मध्ये मनिलाचं, तेव्हा जुनं वर्णन, जुनं चित्र, दुसऱ्या हर्बेरियममध्ये गेलेली डुप्लिकेट शीट असं शोधत बसावं लागतं. त्याला महिने लागतात. लागू देत.

आणि विकत आणलेल्या कुंडीवरच्या लेबलला पुरावा समजू नका. अलाटा म्हणून जे घरोघरी टांगलेलं असतं ते बहुतेक वेळा व्हेंट्राटा नावाचं हायब्रीड असतं.

बाकीच्या चुका, भराभर

पिचर अख्खाच प्रेसमध्ये, म्हणजे नमुने दाबून वाळवायच्या चौकटीत, घालणं. आतलं पाणी आणि किड्यांचा रगडा तसाच, दोन दिवसांत कागदावर काळा डाग आणि वास असा की शेजारचा टेबल सोडून जातो. उभा चिरा, रिकामा करा, धुवा, एक अर्धा आतून आणि एक बाहेरून दिसेल असा ठेवा, टीपकागद रोज बदला. एक अख्खा पिचर स्पिरिटमध्ये वेगळा.

रंग न लिहिणं. वाळल्यावर सगळं तपकिरी होतं. फोटो आहे म्हणू नका, फोटो हरवतात.

डीएनएसाठीचा तुकडा शेवटी घेणं. पानाचा तुकडा आधी ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलमध्ये टाका, अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या नमुन्यातून नंतर काही धड मिळत नाही.

जून पान बघून 'लव नाही' लिहिणं. लव झडते. शेंड्याची कोवळी पानं बघा, लेन्सखाली.

झाकण फक्त वरून बघणं. खालच्या बाजूच्या मधाच्या ग्रंथी कशा पसरल्यात, तिथे उंचवटा किंवा शिंगासारखं काही आहे का, हे उलटून बघितल्याशिवाय कसं कळणार?

लॅटिन शेवट चुकवणं. नेपेंथिस स्त्रीलिंगी धरतात, म्हणून अलाटा, अलाटस नाही. राजा या जातीचं नाव मात्र नाम आहे, ते जसंच्या तसं राहतं. आणि बाईच्या नावावरून नाव देताना पुरुषाचा शेवट लावू नका, मी हे छापलेलं बघितलंय.

लॅटिन वर्णनाची भीती घालणारे अजून भेटतात. २०१२ पासून इंग्रजीतलं वर्णनही चालतं. पण होलोटाइप, म्हणजे नावासाठी निवडलेला मुख्य नमुना, कुठल्या हर्बेरियममध्ये ठेवलाय हे लिहावंच लागतं, आणि वर्णनाशिवाय नुसतं नाव कुठेतरी टाकलं तर ते नाव धरलंच जात नाही.

जागेचा अचूक जीपीएस फोटोबरोबर टाकणं. यावर मी ओरडते, सरळ ओरडते. राजा आणि खासियाना साइटिसच्या, म्हणजे दुर्मीळ जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहेत, बाकी सगळ्या दुसऱ्यात, ते काही हौस म्हणून नाही. डोंगराच्या एकाच माथ्यावर उगवणाऱ्या जाती आहेत, चोरांना फक्त आकडे हवे असतात. आकडे हर्बेरियमच्या नोंदीत पूर्ण द्या, लेखात डोंगराचं नाव आणि उंची पुरे.

आणि स्पिरिटच्या बाटलीवर बाहेरून लेबल चिकटवून मोकळं होणं. ते लेबल सुटतं. चिठ्ठी आत टाकायची आणि पेन्सिलने लिहायची, बॉलपेनने नाही, शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या कपाटात खालच्या फळीवर अजून एक बाटली आहे, आत फार सुंदर वरचा पिचर आहे, कडा एकदम शाबूत, आणि त्याच्याशेजारी तरंगणारी एक कोरी चिठ्ठी.