पोराच्या घरच्यांशी बोलताना : नव्या समुपदेशकासाठी

धुळे-नंदुरबारकडे मुलांच्या समुपदेशनाला नव्याने रुजू होत असाल, तर आधी तो छापील फॉर्म बाजूला ठेवा. "मुलाला चिंता वाटते का?" असं विचारलं की आई नुसती मान हलवते. त्यापेक्षा अहिराणीत विचारा, "पोऱ्या रातले जपस का? जेवस का?" झोप, जेवण, शाळा, ढोरं यांतूनच सगळं बाहेर येतं. घर पावरी किंवा भिली बोलणारं असेल तर आशाताईंना सोबत बसवा. पोरालाच दुभाष्या करू नका; बाप पितो हे त्याने बापासमोर कसं सांगायचं?

घरात आजीचं चालत असेल तर खुर्ची आजीला. मुलाशी मात्र थोडं एकट्याने बोलाच.

घरचे आधी भगताकडे, म्हणजे गावातल्या मांत्रिकाकडे, जाऊन आलेले असतात, हे धरूनच चाला. "भगतबाबा काय म्हणाले?" हे न हसता विचारा. दंडातला दोरा राहू द्या, गोळीही चालू राहू द्या. पण चटके दिले असतील, मारहाण असेल, तर तिथे गोड बोलणं बंद. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन लावा.

दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली घरं तारखेला येत नाहीत आणि आपण उगाच चिडतो. जाण्याआधीच डॉक्टरांना सांगून फिटच्या गोळ्या जास्तीच्या मिळवा, केसपेपरचा फोटो बापाच्या मोबाइलमध्ये काढा, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६ मोठ्या अक्षरात लिहून द्या. फुकट आहे, चोवीस तास लागतो. होळीला सातपुड्यातली माणसं गावी परततात. पुढची तारीख त्याच आठवड्यातली द्या, भोंगऱ्या बाजाराचा, म्हणजे होळीआधीच्या आदिवासी बाजाराचा, दिवस सोडून.