कानाने एचटीएमएल शिकताना या चुका टाळा

इंदूरला रामबागेतल्या घरी बसून मी एचटीएमएल, म्हणजे वेबपानं बनवायची भाषा, शिकले ते एनव्हीडीए या पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरच्या आवाजावर. पहिलं पान केलं गल्लीतल्या गणेश मंडळासाठी, अथर्वशीर्ष स्पर्धेच्या नावनोंदणीचं. तेव्हा माझं जे चुकलं, तेच आता माझ्याकडे शिकायला येणाऱ्या दृष्टिहीन मुलांचंही चुकतं.

सगळ्यात जास्त वेळ खातात विरामचिन्हं. एनव्हीडीए मुळात सगळी चिन्हं बोलत नाही. ओळ ऐकायला बरोबर वाटते आणि शेवटचं अवतरणचिन्ह राहिलेलं असतं. मग पुढचं अवतरणचिन्ह सापडेपर्यंतचा सगळा मजकूर ब्राउझर लिंकच्या पत्त्यातच धरतो. माझा निम्मा फॉर्म असाच गायब झाला. दोन तास मी फॉर्मच तपासत होते, चूक त्याच्या वरच्या लिंकमध्ये होती! म्हणून कोड लिहायच्या एडिटरमध्ये एनव्हीडीए कळ आणि पी एकत्र दाबत चिन्हांची पातळी ‘सर्व’वर न्या. रोजच्या वाचनात ते नकोसं होतं, तेव्हा एनव्हीडीएमध्ये एडिटरपुरतं वेगळं प्रोफाइल, म्हणजे सेटिंगचा वेगळा संच, करा. संशय आलेली ओळ उजव्या बाणाने एकेक अक्षर ऐका. तरीही सापडलं नाही, तर डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या व्हॅलिडेटरमध्ये, म्हणजे कोडमधल्या चुका शोधणाऱ्या वेबपानावर, कोड चिकटवा. तो ओळीचा क्रमांक सांगतो. व्हीएस कोड या एडिटरमध्ये कंट्रोल-जी दाबून तिथे जाता येतं. पहिली चूक आधी दुरुस्त करा, खालच्या पुष्कळशा तिच्यामुळेच आलेल्या असतात.

कोड बदलूनही पान तसंच? सेव्ह केलंय का, एफ५ दाबलंय का, ते बघा. नोटपॅडने फाइलच्या नावापुढे टीएक्सटी जोडलं असेल, तर ब्राउझर पानाऐवजी कोडच दाखवेल.

दुसरी चूक आपल्यासारख्यांना हमखास फसवते. खाली बाणाने पान वाचलं की ‘नाव’ ऐकू येतं, मग लिहायची चौकट, म्हणजे सगळं ठीक. आता टॅबने त्याच चौकटीत या. नुसतं ‘एडिट’! कशाची चौकट, पत्ता नाही. चौकटीचं नाव सांगणाऱ्या लेबल टॅगच्या ‘फॉर’मध्ये आणि चौकट बनवणाऱ्या इनपुट टॅगच्या ‘आयडी’त तेच नाव हवं, कॅपिटल-स्मॉलसकट. (एकेक अक्षर ऐकताना कॅपिटलला आवाज चढतो, तिथे कान द्या.) बटनाचंही तसंच. डिव्ह या नुसता भाग पाडणाऱ्या टॅगला क्लिक जोडून बटन केलं की बाणाने जाऊन एंटर मारल्यावर ते चालतं, पण टॅब तिथे थांबतच नाही. खरा बटन टॅग वापरा. प्रत्येक पान एकदा बाणांनी आणि एकदा फक्त टॅबने तपासा.

व्हीएस कोडमधला तयार सांगाडा घेतलात, तर त्यात भाषा इंग्रजी असते. मजकूर मराठी असेल तर सुरुवातीच्या एचटीएमएल टॅगमधल्या ‘लँग’मध्ये ‘एमआर’ लिहा, नाहीतर स्क्रीन रीडर आपलं मराठी इंग्रजी आवाजात वाचायला जातो.

रंगांना घाबरून ते काम दुसऱ्यावर सोपवू नका. साध्या मजकुराला अक्षरं आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५ : १ एवढा फरक लागतो. रंगांचे कोड कॉन्ट्रास्ट चेकरमध्ये, म्हणजे हा फरक मोजणाऱ्या वेबपानावर, टाकले की आकडा कानांनी कळतो. मांडणीसाठी मात्र डोळस माणसाची मदत घ्या, पण प्रश्न नेमका विचारा. “आई, कसं दिसतंय?” म्हटलं की उत्तर “छान!” “अक्षरं कडेला चिकटलीत का? बटन चौकटीवर चढलंय का?” असं विचारलं, तेव्हा आई चष्मा शोधून आली आणि म्हणाली, “हो गं, पाठवा-बिठवा लिहिलंय ते अर्धं झाकलंय.”