कंटेनरमध्ये वेबअसेम्ब्ली बिल्ड करताना या चुका टाळा

सी प्लस प्लसमधला जुना, खात्रीचा कोड एमस्क्रिप्टेन या कंपायलरने वेबअसेम्ब्लीत (वॅझम), म्हणजे ब्राउझर चालवू शकेल अशा बायनरी रूपात, कंपाइल करायचा, त्यासाठी लागणारी सगळी साधने डॉकर कंटेनरमध्ये, म्हणजे मशीनपासून वेगळ्या बंदिस्त वातावरणात, ठेवायची आणि तयार झालेली फाइल ब्राउझरमध्ये चालवायची, ही पद्धत आता अनेक टीममध्ये रुळली आहे. नव्याने आलेल्या माणसाला एलएलव्हीएम, नोड आणि पायथन यांच्या आवृत्त्या जुळवत बसावे लागत नाही, हा तिचा मोठा फायदा आहे. मात्र या मांडणीत एकच काम तीन ठिकाणी विभागले जाते: कोड आपल्या मशीनवर राहतो, कंपायलर कंटेनरमध्ये चालतो आणि तयार फाइल ब्राउझर उघडतो. माझा अनुभव असा, की बहुतेक चुका या तिघांच्या सांध्यांवर घडतात आणि एरर दिसते ती पुढच्या कुठल्यातरी टप्प्यावर. त्यामुळे एरर वाचताना, ती पायरी नेमकी कुठे चालली होती आणि तिला फाइल कुठून मिळाली, हे आधी पाहावे.

जुने बिल्ड फोल्डर तसेच वापरणे

सर्वाधिक वेळ खाणारी चूक हीच आहे. प्रकल्पाचे संपूर्ण फोल्डर कंटेनरमध्ये माउंट केलेले (आतूनही दिसेल असे जोडलेले) असते आणि त्यातच आपल्या मशीनवर पूर्वी केलेल्या साध्या बिल्डचे फोल्डरही पडून असते. कंटेनरमधला मार्ग वेगळा असेल, तर सीमेक हे बिल्डची आखणी करणारे साधन स्पष्ट सांगते की ही कॅश (आधीच्या निवडींची नोंद) दुसऱ्या फोल्डरमध्ये तयार झाली होती, आणि थांबते. हे आपले नशीब चांगले म्हणायचे. खरी अडचण तेव्हा होते, जेव्हा मार्ग दोन्हीकडे मुद्दाम सारखा ठेवलेला असतो, किंवा कंटेनरमध्येच कोणीतरी एकदा ‘ईएमसीमेक’ (सीमेकला एमस्क्रिप्टेन वापरायला लावणारी आज्ञा) न लावता नुसते ‘सीमेक’ चालवलेले असते. पहिल्याच वेळी निवडलेला कंपायलर कॅशमध्ये नोंदला जातो आणि नंतर ‘ईएमसीमेक’ लावले तरी ती नोंद बदलत नाही. टूलचेनची (कोणता कंपायलर वापरायचा ते ठरवणारी) फाइल सांगितली होती पण वापरली गेली नाही, अशी एक इशाऱ्याची ओळ तेवढी स्क्रीनवरून सरकून जाते. बिल्ड यशस्वी झाल्याचे दिसते, पण हाती आलेली फाइल असते लिनक्सची.

अशी शंका आली की तयार फाइलवर लिनक्सची ‘फाइल’ ही आज्ञा चालवावी. उत्तरात वेबअसेम्ब्लीचे नाव यायला हवे. तिथे ‘ईएलएफ’ (लिनक्सच्या बायनरी फाइलींचा प्रकार) दिसले, तर बिल्ड फोल्डर पूर्ण पुसून पहिल्यापासून सुरुवात करावी. कायमचा उपाय म्हणजे मशीनवरच्या आणि कंटेनरमधल्या बिल्डसाठी वेगवेगळी फोल्डरे ठेवणे आणि दोन्हींची नावे ‘.डॉकरइग्नोर’मध्ये, म्हणजे कंटेनरची इमेज (साचा) बनवताना वगळायच्या फाइलींच्या यादीत, लिहिणे. नोडच्या मॉड्यूल फोल्डरलाही हाच नियम लागू आहे, कारण त्यातली काही पॅकेजे त्या त्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी कंपाइल झालेली असतात.

‘लेटेस्ट’ टॅगवर विसंबणे

डॉकरफाइलमध्ये (इमेज कशी बनवायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) एमस्क्रिप्टेनची इमेज ‘लेटेस्ट’ टॅगने, म्हणजे ‘सर्वांत नवी द्या’ असे सांगून, घेतली, तर सहा महिन्यांनी तीच डॉकरफाइल वेगळा कंपायलर आणून देते. याचे ठळक उदाहरण ३.१.२७ या आवृत्तीचे आहे. तिच्यात स्टॅकचा (फंक्शनच्या तात्पुरत्या डेटासाठीच्या जागेचा) ठरीव आकार ५ एमबीवरून ६४ केबी करण्यात आला. फंक्शनच्या आत मोठे ॲरे घेणारा कोड आदल्या दिवशी नीट चालत होता आणि इमेज नव्याने ओढल्यावर कोसळू लागला, असे त्यामुळे घडू शकते. कधी मेमरीच्या हद्दीबाहेर गेल्याची एरर येते, तर कधी शेजारचा डेटा बिघडतो आणि एरर येतच नाही; ही दुसरी शक्यता अधिक घातक आहे. चाचणीच्या बिल्डमध्ये स्टॅक ओव्हरफ्लोची तपासणी चालू ठेवावी, मोठे ॲरे हीपवर (मागणीनुसार मिळणाऱ्या मेमरीत) न्यावेत, आणि तरीही गरज असेल तरच स्टॅकचा आकार लिंक करताना वाढवून द्यावा. इमेजचा टॅग मात्र पूर्ण आवृत्ती क्रमांकासह लिहावा आणि तो बदलायचा असेल तेव्हा स्वतंत्र कमिट करावी.

रस्ट वापरणाऱ्यांनीही आवृत्त्यांकडे लक्ष द्यावे. ‘वॅझम-बाइंडजेन’ हे रस्ट आणि जावास्क्रिप्ट जोडणारे साधन आहे; त्याचे कोडमधले क्रेट (लायब्ररी) आणि कंटेनरमध्ये बसवलेले कमांडलाइन साधन यांचा आवृत्ती क्रमांक तंतोतंत जुळावा लागतो, म्हणून आवृत्त्या पक्क्या नोंदवणारी लॉक फाइल रिपॉझिटरीत असलीच पाहिजे. ‘वॅझम३२-वासी’ हे टार्गेटचे (कशासाठी कंपाइल करायचे त्या पर्यायाचे) जुने नाव जानेवारी २०२५ मधल्या रस्ट १.८४ पासून काढून टाकण्यात आले आहे आणि त्याच्या जागी ‘वॅझम३२-वासीपी१’ लिहावे लागते. जुन्या बिल्ड स्क्रिप्ट याच एका शब्दावर अडतात.

फाइलींची मालकी आणि कॅश

लिनक्सवर कंटेनर रूट (सर्वाधिकारी) वापरकर्ता म्हणून चालवला, तर माउंट केलेल्या फोल्डरमधल्या नव्या फाइलींचा मालकही रूटच होतो आणि पुढच्या वेळी आपल्याच फाइली आपल्याला पुसता येत नाहीत. यावर अनेक जण सर्वांना सगळे अधिकार देऊन मोकळे होतात. तसे करू नये. कंटेनर सुरू करताना आपला वापरकर्ता क्रमांक आणि गट क्रमांक द्यावा. तसे केल्यावर एक नवी अडचण मात्र समोर येते. एमस्क्रिप्टेन आपल्याला लागणारी सिस्टिम लायब्ररी गरज पडेल तेव्हा बिल्ड करून कॅशमध्ये ठेवते आणि इमेजमधल्या त्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी नव्या वापरकर्त्याला नसू शकते. ‘ईएम कॅश’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल एखाद्या कायम टिकणाऱ्या व्हॉल्यूमकडे वळवले की परवानगीचा प्रश्न सुटतो, आणि प्रत्येक नव्या कंटेनरमध्ये त्याच लायब्ररी पुन्हा पुन्हा बिल्ड होणेही थांबते.

लिंक करताना प्रक्रिया १३७ हा कोड देऊन संपली, तर ती बळजबरीने मारली गेली आहे आणि बहुतेक वेळा कारण मेमरी अपुरी पडणे हेच असते. एका वेळी चालणारी कामे कमी करावीत किंवा डॉकरला दिलेली मेमरी वाढवावी.

‘मॅजिक वर्ड’ची एरर आणि सर्व्हर

वेबअसेम्ब्लीच्या प्रत्येक बायनरी फाइलचे पहिले चार बाइट ठरलेले असतात, त्यांनाच ‘मॅजिक वर्ड’ म्हणतात: ०० ६१ ७३ ६डी. ब्राउझरने हे अपेक्षित होते असे सांगून त्याऐवजी ३सी २१ ४४ ४एफ सापडल्याची तक्रार केली, तर कंपायलरकडे वळूच नये. त्या चार बाइटांत एचटीएमएल पानाच्या पहिल्या ओळीतली पहिली चार चिन्हे आहेत: कोनी कंस, उद्गारचिन्ह आणि ‘डॉक्टाइप’ शब्दाची पहिली दोन अक्षरे. सर्व्हरला ती फाइल सापडली नाही आणि त्याने तिच्या जागी मुख्य पान किंवा ‘पान सापडले नाही’ हा मजकूर पाठवला, एवढाच त्याचा अर्थ आहे. आमच्या एका प्रकल्पात या एररपायी कंपायलरचे पर्याय बदलून पाहण्यात एक अख्खी दुपार गेली, आणि शेवटी कारण निघाले ते बिल्डनंतर फाइल कॉपी करणाऱ्या ओळीतला चुकलेला मार्ग. नेटवर्क टॅबमध्ये त्या विनंतीचे उत्तर उघडून पाहिले असते, तर ते तिथेच दिसले असते.

फाइल सापडूनही ती ‘ॲप्लिकेशन/वॅझम’ या प्रकाराने पाठवली गेली नाही, तर ती उतरत असतानाच कंपाइल करण्याची पद्धत नकार देते. सर्व्हरच्या माइम यादीत (फाइलींच्या प्रकारांच्या यादीत) हा प्रकार घालावा. डेव्हलपमेंट सर्व्हर कंटेनरमध्ये १२७.०.०.१ वर (म्हणजे फक्त कंटेनरच्या आतल्या विनंत्या) ऐकत असेल, तर पोर्ट उघडूनही बाहेरून काही मिळत नाही, तो ०.०.०.० वर (म्हणजे सर्व पत्त्यांवर) चालवावा. थ्रेड वापरायचे असतील, तर सर्व्हरने क्रॉस-ओरिजिन ओपनर आणि एम्बेडर धोरणाचे दोन्ही हेडर पाठवणे आवश्यक आहे, कारण २०१८ च्या आरंभी स्पेक्टर ही प्रोसेसरमधली सुरक्षा-त्रुटी उघडकीस आल्यानंतर ब्राउझरांनी शेअर केलेली मेमरी बंद केली आणि नंतर ती या अटीवर परत दिली.

मराठी मजकुराची लांबी चुकीची मोजणे

ही चूक आपल्या लोकांनी विशेष जपून टाळावी, कारण इंग्रजी मजकुरावर केलेल्या चाचण्यांत ती कधीच सापडत नाही. जावास्क्रिप्ट स्ट्रिंगची लांबी यूटीएफ-१६ च्या एककांत मोजते, तर सी प्लस प्लसकडे जाणारा मजकूर यूटीएफ-८ मध्ये असतो आणि तिथे देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. काना, वेलांटी आणि हलन्त यांचाही त्यात समावेश होतो. ‘मराठी’ या शब्दाची लांबी जावास्क्रिप्ट ५ सांगते, पण त्याला १५ बाइट आणि शेवटच्या शून्यासाठी आणखी एक अशी १६ बाइटांची जागा लागते. लांबीत एक मिळवून ६ बाइटांची जागा घेतली आणि तेवढीच मर्यादा एमस्क्रिप्टेनच्या रूपांतर फंक्शनला दिली, तर पलीकडे फक्त ‘म’ पोहोचतो. मर्यादा न जुळवता स्वतःच बाइट लिहिले, तर पुढची मेमरी खराब होते. लांबी मोजण्यासाठी एमस्क्रिप्टेनचे यूटीएफ-८ बाइट मोजणारे फंक्शन वापरावे, किंवा शक्य असेल तिथे जावास्क्रिप्टमधून सी फंक्शन बोलावणाऱ्या ‘सीकॉल’ला प्रकार म्हणून ‘स्ट्रिंग’ सांगून जागेचा हिशेब त्याच्याकडेच सोपवावा.

मजकूर मोठा असला की याच सांध्यावर आणखी एक दोष उघड होतो. मेमरी वाढू देण्याचा पर्याय चालू असताना वेबअसेम्ब्लीने अधिक जागा मागितली, तर जावास्क्रिप्टकडचा जुना बफर निकामी होतो आणि त्यावर आधी घेऊन ठेवलेल्या टाइप्ड ॲरेची लांबी शून्य होते. छोट्या नमुन्यावर हे कळत नाही, कारण सुरुवातीची १६ एमबी जागा त्याला पुरते. म्हणून मेमरीवरचा ॲरे व्हेरिएबलमध्ये जपून ठेवू नये. वेबअसेम्ब्लीचे फंक्शन चालून परतल्यावर तो दर वेळी नव्याने घ्यावा. आमच्या चाचण्यांत आता ‘महाराष्ट्र’ हा ३० बाइटांचा शब्द एकदा तसाच आणि एकदा दहा लाख वेळा जोडून पाठवला जातो, आणि हे दोन्ही दोष त्या एकाच चाचणीत पकडले जातात.