स्टालिनग्राडची लढाई नकाशावर मांडताना

नकाशे दोन घ्या. शहरासाठी १ किमीला २ सेंमी, वेढ्यासाठी १ सेंमीला १० किमी. एकाच कागदावर दोन्ही कोंबलंत की कारखाने ठिपक्याएवढे होतात.

आधी व्होल्गा काढा. शहर तिच्या पश्चिम काठाने लांबलचक पसरलेलं. उत्तरेकडून दक्षिणेकडे ट्रॅक्टर कारखाना, बॅरिकाडी आणि रेड ऑक्टोबर हे कारखाने, मग मामायेव टेकडी, रेल्वे स्टेशन. पूर्व काठ कोरा सोडू नका: शहर राखणाऱ्या, सोव्हिएत सेनापती चुइकोव्हच्या ६२व्या आर्मीचा जड तोफखाना तिथेच होता आणि रसदही तिथूनच बोटींनी यायची.

आघाडीची एकसलग रेघ ओढणं ही नेहमीची चूक. १४ ऑक्टोबर १९४२ च्या जर्मन हल्ल्यानंतर ती तुटत गेली. ११ नोव्हेंबरला जर्मन नदीपर्यंत पोचले आणि बॅरिकाडीमागे सोव्हिएत १३८वी डिव्हिजन एकटी पडली. तिला वेगळा बंद आकार द्या, पाठ नदीला.

दुसऱ्या नकाशावर सोव्हिएत प्रतिहल्ल्याचे बाण: १९ नोव्हेंबरचा वायव्येकडून, २० चा दक्षिणेकडून, दोन्ही जर्मनांच्या मित्र रोमानियन फौजांतून आरपार. दोन्हींची गाठ २३ ला, कलाच गावाजवळ; वेढा तिथे पुरा झाला. वेढ्यातल्या जर्मन फौजेचा सेनापती पाउलुस ३१ जानेवारी १९४३ ला शरण आला, तरी शेवटची तारीख २ फेब्रुवारीच लिहा: उत्तरेचा जर्मन गट तोवर कारखान्यांच्या भागात तग धरून होता.